‘सीज फायर’ म्हणणाऱ्या हवालदाराच्या मुलखात

रविवार, कोटद्वार

नजीबाबाद सुटेपर्यंत दोन्ही बाजूंना उसाचे फडच होते. मग एकाएकी समोर डोंगर उभा राहिला आणि कोटद्वार आलं. खोह नदी इथंच डोंगरातून बाहेर पडते. काठावरच्या उंचवट्यावर सिद्धबलीचं मंदिर आहे. उत्तराखंडातल्या गढवालात शिरणारी माणसं आधी तिथल्या हनुमानाला हात जोडतात आणि मगच घाट चढतात. आम्हीही पायऱ्या चढून दर्शन घेतलं.

आम्ही म्हणजे मी आणि दाजी. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं गाव सातारा जिल्ह्यात, अपशिंग्याच्या पंचक्रोशीत. अपशिंगे मिलिटरी हे नाव आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान पडले. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला फौज म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच हा प्रवास त्यांच्याबरोबर करायचा, असं मी ठरवलं होतं. कारण ज्या माणसाच्या वाटेनं आम्ही निघालो होतो, तो फौजेत राहून फौजेचा हुकूम मोडणारा हवालदार होता.

चंद्रसिंह भंडारी. पुढं सगळ्या देशानं त्यांना चंद्रसिंह गढवाली म्हटलं. 23 एप्रिल 1930 रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात नि:शस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायला त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी नकार दिला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ही घटना आली तर एका ओळीत येते, आणि त्या ओळीत बहुतेक वेळा ‘गढवाली सैनिकांनी’ एवढंच असतं. त्या ओळीतला माणूस कुठल्या मातीतला, आणि त्या दिवसानंतर त्याचं काय झालं, हे मला त्याच्या मुलखात जाऊन पाहायचं होतं.

कोटद्वारशी त्यांचा संबंध आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातला. इथं जवळच ध्रुवपूरला ते राहत होते. 1 ऑक्टोबर 1979 ला दिल्लीत वारले. म्हणजे आमचा प्रवास त्यांच्या अखेरीपासून मागं, जन्मगावाकडं जाणारा होता. डोंगरात शिरायचा रस्ताच असा आहे, त्याला इलाज नाही.

संध्याकाळी बाजारात उद्यासाठी जीप ठरवली. काचेवर मोठ्या अक्षरांत ‘वीर चंद्रसिंह गढवाली पर्यटन स्वरोजगार योजना’ लिहिलेलं. चालक तिशीतला, हसतमुख. या योजनेत गाडीसाठी, छोट्या हॉटेलासाठी कर्ज आणि अनुदान मिळतं. दाजींनी विचारलं, “हे चंद्रसिंह कोण, माहीत आहे का?” तो म्हणाला, “सुबेदार साब, आमच्याच पट्टीचे. माझं आजोळ थलीसैंणचं आहे.” मग भाव करायची गरजच उरली नाही. सगळा प्रवास त्याच्याच गाडीनं करायचं ठरलं.

सोमवार, दुगड्डा आणि लॅन्सडाउन

कोटद्वार ते लॅन्सडाउन चाळीसेक किलोमीटर. वाटेत दुगड्डा लागतं. 1930 साली चंद्रशेखर आझाद आपल्या साथीदारांसह इथल्या जंगलात येऊन राहिले होते. इथल्याच नाथूपूर गावचे भवानीसिंह रावत त्यांच्या संघटनेत होते. या झाडीत आझादांनी पिस्तुलाच्या नेमबाजीचा सराव केला. मी थोडा वेळ उतरून उभा राहिलो. त्याच वर्षी या डोंगरांत एकीकडं आझाद नेम धरायला शिकवत होते आणि दुसरीकडं इथल्याच पलटणीनं धरलेला नेम खाली घेतला होता. दोघांनाही एकाच सत्तेशी लढायचं होतं.

पुढं चीडाची, म्हणजे पाइनची, झाडं सुरू झाली आणि हवा बदलली. लॅन्सडाउनचं मूळ नाव कालौंडांडा. 1887 मध्ये इथं छावणी आली, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउनचं नाव गावाला चिकटलं. तेव्हापासून हे गढवाल रायफल्सचं घर आहे. उंची सतराशे मीटरच्या आसपास, रस्ते स्वच्छ, भिंतींना चुना, दगडांना गेरू. छावणी दिसली की दाजींची चालच बदलते. पाठ ताठ, पावलं मोजल्यासारखी.

परेड मैदानाच्या बाजूनं रिक्रूटांची एक तुकडी दौडत गेली. उजव्या खांद्यावर लाल पिळाची दोरी घातलेले काही जवान कडेला उभे होते. ही दोरी गढवाल रायफल्सची खूण. पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल पलटणीला 1921 मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला, तेव्हाचा हा मान. दाजींनी एका हवालदाराशी बोलायला सुरुवात केली आणि पाचच मिनिटांत दोघं जुने मित्र झाले. “बद्रीविशाल लाल की जय” ही यांची युद्धघोषणा. दाजींनी आपली “बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय” म्हणून दाखवली. तो हवालदार मनापासून खूष झाला.

दरवानसिंह संग्रहालय पाहिलं. नायक दरवानसिंह नेगींना नोव्हेंबर 1914 मध्ये फ्रान्समध्ये फेस्तुबेरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायफलमन गबरसिंह नेगी मार्च 1915 मध्ये न्यव्ह शापेलला पडले, त्यांना तो मरणोत्तर मिळाला. एवढ्याशा डोंगरी मुलखातून गेलेली ही पोरं. बर्फ त्यांना नवा नव्हता, पण खंदकातला चिखल, विषारी वायू आणि तोफा नव्या होत्या.

चंद्रसिंह याच छावणीत 3 सप्टेंबर 1914 रोजी भरती झाले. वय बावीस. शिक्षण जेमतेम, घर शेतकऱ्याचं. गावाकडून इथवर गाडीरस्ता नव्हता, डोंगर ओलांडत पायी यावं लागे. ऑगस्ट 1915 मध्ये त्यांना फ्रान्सला पाठवलं, पुढं 1917 मध्ये मेसोपोटेमियात. म्हणजे पेशावरला नकार देणारा माणूस रणांगणाला घाबरणारा नव्हता. साम्राज्याच्या दोन आघाड्यांवर तो लढून आला होता. हे विसरून पेशावरकडं पाहिलं तर सगळंच चुकतं.

युद्ध संपलं आणि साम्राज्याची गरज सरली. पलटणी कमी झाल्या, अनेकांना घरी पाठवलं, चंद्रसिंहांना हवालदाराचे पुन्हा साधे शिपाई केलं. दाजी संग्रहालयाच्या पायरीवर बसून हे ऐकत होते. म्हणाले, “फीत उतरवणं सोपं नसतं. ती मिळवायला किती वर्षं जातात, ते फौजेतल्यालाच कळतं.” पुढं चंद्रसिंह पुन्हा वर चढले. याच काळात ते आर्य समाजाकडं ओढले गेले, वर्तमानपत्रं वाचू लागले, गांधीजींच्या सभांना जाऊ लागले. 1929 मध्ये गांधीजी कुमाऊंमध्ये बागेश्वरला आले होते. सुटीवर असलेले चंद्रसिंह फौजेची टोपी घालून सभेत पुढंच बसले आणि तिथं त्यांनी गांधीजींच्या हातून खादीची टोपी मागून घेतली, या टोपीची किंमत चुकवीन असं म्हणाले, अशी गोष्ट गढवालात घरोघरी सांगितली जाते. आमच्या चालकानंही ती घाट चढताना सांगितली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून.

मंगळवार, लॅन्सडाउनच

आज कुठं जायचं नव्हतं. सकाळी भुल्ला ताल या छोट्या तळ्याकाठी बसलो. भुल्ला म्हणजे धाकटा भाऊ. इथं जवानांनाही प्रेमानं तसंच हाक मारतात. याच काठावर पेशावरचा विषय निघाला आणि दुपारच्या जेवणापर्यंत चालला.

प्रसंग असा. 1930 च्या एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. सरहद्द प्रांतात खान अब्दुल गफार खानांचे खुदाई खिदमतगार होते. पठाणांसारखी बंदुकीबरोबर वाढलेली जमात आणि तिनं अहिंसेची शपथ घेतलेली. 23 एप्रिलला गफार खानांना आणि इतर पुढाऱ्यांना अटक झाली, पेशावरचा बाजार माणसांनी भरला. चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, माणसं चिरडली गेली. अशा वेळी रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनची तुकडी समोर आणून उभी केली होती. मुसलमान पठाणांपुढं हिंदू गढवाली उभे करायचे, हा हिशेब सरळ होता. अधिकाऱ्यांनी जवानांना आधीच सांगून ठेवलं होतं की इथं बहुसंख्य मुसलमान हिंदूंना छळतात. चंद्रसिंहांनी बराकीत साथीदारांना सांगितलं की हे भांडण हिंदू-मुसलमानाचं नाही, काँग्रेस आणि सरकार यांचं आहे.

कॅप्टन रिकेटनं हुकूम सोडला, “गढवाली, थ्री राउंड फायर.” आणि चंद्रसिंहांचा आवाज आला, “गढवाली, सीज फायर.” रायफली खाली आल्या.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी कुठं वाचलेलं नाही. म्हणाले, “अरे, तू नकार दिला, नकार दिला म्हणतोस. पण नीट ऐक त्यानं काय केलं. तो ‘मी गोळी झाडणार नाही’ असं म्हणाला नाही. त्यानं हुकूम दिला. ‘सीज फायर’ हा फौजेचा हुकूम आहे. फायर म्हणणारा आणि थांबा म्हणणारा एकच असतो, तो कमांडर. कॅप्टनच्या शेजारी उभं राहून हवालदारानं कमांड आपल्याकडं घेतली. आणि पोरांनी कॅप्टनचं नाही, त्याचं ऐकलं. त्या दिवशी तुकडी कुणाची होती, सांग बरं?”

मी विचारलं, “तुम्ही असता तर?”

“मला असलं विचारू नको,” ते तोडून म्हणाले. “मी अठ्ठावीस वर्षं हुकमात काढली. हुकूम मोडणाऱ्याचं पलटणीत काय होतं, ते मला माहीत आहे. ज्या दिवशी प्रत्येक जण आपल्या मनानं ठरवायला लागेल, त्या दिवशी फौज संपली.” थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “पण आमच्या आर्मी ॲक्टमध्येसुद्धा हुकूम कायदेशीर पाहिजे असं लिहिलंय. ‘लॉफुल कमांड’. हे दोन शब्द सगळ्यांना शिकवत नाहीत तेवढे. आणि जालियनवाला बागेत गोळ्या कुणी झाडल्या? हुकूम डायरचा, पण बोटं हिंदी पलटणीचीच. तिथं एक जरी असा हवालदार असता…”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमचं एकमत झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या मते चंद्रसिंहांनी शिस्त मोडली नाहीच, शिस्तीचाच वापर करून माणसं वाचवली. दाजींच्या मते शिस्त मोडलीच आणि त्याची पूर्ण किंमत मोजायची तयारी ठेवून मोडली, म्हणून तो मोठा. आता लिहिताना त्यांचं म्हणणं मला माझ्यापेक्षा खरं वाटतं.

पेशावरचं रक्त त्यानं टळलं नाही. गोळीबार गोऱ्या पलटणीकडून करून घेण्यात आला, पुष्कळ माणसं मेली. सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत फार मोठं अंतर राहिलं. दुसऱ्या दिवशी गढवाली जवानांनी पुन्हा शहरात जायला नकार दिला. त्यांची हत्यारं काढून घेण्यात आली. काही दिवस पेशावर शहर सरकारच्या हातातून निसटलं होतं, मेच्या सुरुवातीला ते परत घेण्यात आलं. विठ्ठलभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसनं चौकशी केली, त्या अहवालावर सरकारनं बंदी घातली.

ॲबटाबादला कोर्ट मार्शल झालं. गढवालचेच बॅरिस्टर मुकंदीलाल बचावासाठी उभे राहिले. मृत्युदंडाची भीती होती, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. साथीदारांना वेगवेगळ्या मुदतीच्या शिक्षा. नोकरी गेली, मालमत्ता जप्त झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीचा हिशेब त्या एका कागदावर संपला.

बुधवार, पौडीकडं

लॅन्सडाउनहून गुमखाल, तिथून सतपुली. नयार नदीच्या खोऱ्यात उतरलं की थंडी पळते. ज्वाल्पा देवीच्या घाटावर पाय धुतले, चहा घेतला. सतपुलीनंतर रस्ता पुन्हा चढायला लागतो. वाटेत गावं दिसतात, पण अर्ध्या घरांना कुलपं. कड्याकपारीतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गवत माजलेलं. चालक एकेक गाव दाखवून सांगत होता, हे सगळे दिल्लीत, हे डेहराडूनला, ते फौजेत. फौजेतली माणसं निवृत्त झाल्यावर कोटद्वारला घर बांधतात, वर परत येत नाहीत.

पौडीला पोचलो तेव्हा चौखंबा उन्हात लख्ख होता. ऑक्टोबर संपता संपता इथं हवा अशी स्वच्छ होते की बर्फाची शिखरं हाताला लागतील असं वाटतं. रात्री जेवायला मंडुव्याची भाकरी मिळाली. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, इथं त्याला कोदा असंही म्हणतात. सोबत गहतची, म्हणजे कुळथाची डाळ. दाजींनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि यजमानीणबाईंना सांगितलं की त्यांच्या आईच्या हातची अशीच असायची.

गुरुवार, श्रीनगर आणि कीर्तीनगर

सकाळी तीसेक किलोमीटर खाली उतरून अलकनंदेच्या काठावर श्रीनगरला आलो. इथलं वैद्यकीय महाविद्यालय चंद्रसिंहांच्या नावाचं आहे. पौडीच्या पुढं भरसारला फलोत्पादन व वानिकी विद्यापीठ आहे, तेही त्यांच्या नावाचं. 1994 मध्ये टपाल तिकीट निघालं. नावाच्या पाट्यांना गढवालात तोटा नाही, आणि ते योग्यच आहे. पण तुरुंगातली अकरा वर्षं आणि त्यानंतरची तीसहून अधिक वर्षं पाटीवर कशी मावणार?

ॲबटाबाद, डेरा इस्माईल खान, बरेली, नैनी, लखनौ, अल्मोडा, डेहराडून अशा तुरुंगांतून त्यांना फिरवलं. बेड्या पायांत. मार्च 1931 मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, सत्याग्रही सुटले, पण हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले सैनिक आणि पोलीस त्यातून वगळले होते. गढवाली आतच राहिले. पुढं एका फ्रेंच पत्रकारानं गांधीजींना याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की गोळीबाराचा हुकूम न मानणारा शिपाई आपली शपथ मोडतो. “उद्या मी सत्तेत असेन तर मलाही याच शिपायांकडून काम घ्यावं लागेल,” असं ते म्हणाले. मला हे उत्तर पटत नाही, आणि ते मला इथं स्वच्छ लिहायचं आहे. ज्यांनी अहिंसेसाठी बंदूक खाली ठेवली, त्यांच्या पाठीशी अहिंसेच्या सेनापतीनं उभं राहायला हवं होतं. दाजींना मात्र गांधीजींचं म्हणणं लगेच समजलं. “राज्य चालवायचं म्हणणारा माणूस असाच बोलणार,” एवढंच ते म्हणाले.

चंद्रसिंहांनी मात्र मनात अढी ठेवली नाही. 26 सप्टेंबर 1941 ला सुटल्यावर ते अलाहाबादला आनंद भवनात राहिले, मग आपल्या वर्ध्याला गांधीजींच्या आश्रमात. सेवाग्रामला मी अनेकदा गेलो आहे. त्या अंगणात पेशावरचा हा हवालदार वावरला होता, हे तिथं असताना मला ठाऊक नव्हतं. 1942 च्या चळवळीत ते पुन्हा पकडले गेले, 1945 मध्ये सुटले. तरी गढवालात पाऊल ठेवायला बंदी होती. डिसेंबर 1946 मध्ये ते आपल्या डोंगरात परतले. तुरुंगात क्रांतिकारकांच्या सहवासात ते साम्यवादाकडं वळले होते, बाहेर आल्यावर कम्युनिस्ट पक्षात गेले.

दुपारी पलीकडच्या काठावर कीर्तीनगरला गेलो. पेशावर ऐकलेल्यांपैकी फार थोड्यांना कीर्तीनगर माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. देश स्वतंत्र झाला तरी टिहरी संस्थानात राजाचं राज्य चालूच होतं. जानेवारी 1948 मध्ये प्रजामंडळाच्या लोकांनी कीर्तीनगरची कचेरी ताब्यात घेतली. 11 जानेवारीला संस्थानाच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, नागेंद्र सकलानी आणि मोलू भरदारी हे दोघं तरुण पडले. लोक संतापले होते. चंद्रसिंह तिथं पोचले आणि ठरलं की दोघांचे देह राजधानीपर्यंत, टिहरीपर्यंत न्यायचे. कडाक्याची थंडी, डोंगरातल्या वाटा, खांद्यावर दोन शहीद आणि पुढं चंद्रसिंह. गावागावांतून माणसं सामील होत गेली. टिहरीला पोचेपर्यंत त्या गर्दीपुढं संस्थानाची फौज उभी राहू शकली नाही. भागीरथी आणि भिलंगनेच्या संगमावर दोघांना अग्नी दिला. 1 ऑगस्ट 1949 ला टिहरी भारतात, तेव्हाच्या संयुक्त प्रांतात विलीन झालं.

ज्या माणसानं गोळी झाडण्याचा हुकूम थांबवला होता, तोच अठरा वर्षांनी गोळीबारात पडलेल्यांची यात्रा घेऊन निघाला होता. ती संगमाची जागा आता पाहता येत नाही. जुनं टिहरी गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. कीर्तीनगरला मात्र दर जानेवारीत शहीद मेळा भरतो.

पुलावर उभं राहून दाजींनी मला विचारलं, “मुंबईचं बंड कधीचं रे? नाविकांचं?” 1946 चं, फेब्रुवारी, ‘तलवार’वरून सुरू झालेलं. “म्हणजे पेशावरनंतर सोळा वर्षं. तोवर खेड्यातल्या पोरांच्या डोक्यात ते भिनलं होतं म्हणायचं.”

शुक्रवार, थलीसैंण आणि पीठसैंण

पहाटे पौडीहून निघालो. पैठाणीमार्गे थलीसैंणपर्यंतचा रस्ता लांब आहे आणि वळणं संपता संपत नाहीत. पैठाणीला राहूचं जुनं दगडी देऊळ आहे, ते घाईघाईत पाहिलं. चीड मागं पडून बांज सुरू झाला, म्हणजे इथला ओक. बांजाखाली जमीन ओली असते, झरे आटत नाहीत, म्हणून बायका बांज तोडू देत नाहीत. दूधातोलीची ही डोंगररांग पश्चिम रामगंगेसारख्या नद्यांचं उगमस्थान आहे.

चौथान पट्टी. मासौं गाव, रौणीसेरा. 25 डिसेंबर 1891 ला चंद्रसिंह इथं जन्मले. खाली उतरत गेलेली शेतं, दगडी छपरांची घरं, आंगणात वाळत टाकलेला झंगोरा, म्हणजे इथलं एक भरडधान्य. एका घरासमोर सत्तरीचे एक आजोबा बसले होते. चालकानं त्यांना “बोडाजी” म्हणून हाक मारली आणि आमची ओळख करून दिली. महाराष्ट्रातून मुद्दाम आलोत म्हटल्यावर त्यांनी आधी पाण्याचे पेले आणवले. तेही गढवाल रायफल्सचे, मुलगाही तिथंच, नातू यंदा अग्निवीरच्या भरतीसाठी धावतोय. दाजी त्या नातवाला बाजूला घेऊन त्याच्या सोळाशे मीटरची वेळ विचारू लागले. गावाकडं ते पोरांना भरतीसाठी पळायला शिकवतात. कुणीही पोरगं दिसलं की त्यांना राहवत नाही. पायातले बूट बघितले, पाऊल कसं टाकायचं ते दाखवलं, शेवटच्या फेरीला श्वास कसा राखायचा ते सांगितलं.

मी आजोबांना विचारलं, फौजेनं ज्याला शिक्षा दिली त्याच्याबद्दल फौजी गावाला काय वाटतं? ते शांतपणे म्हणाले, “भैजी, इथून सगळेच लॅन्सडाउनला जातात. कुणी पदक घेऊन आलं, कुणी आलंच नाही. तो एकटा असा की पदक न घेता मोठा झाला.”

तिथून पीठसैंणला गेलो. उंचावरची मोकळी जागा, वारा सतत. 1 ऑक्टोबर 2021 ला, त्यांच्या स्मृतिदिनी, संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी इथं त्यांच्या पुतळ्याचं आणि स्मारकाचं लोकार्पण केलं. ज्याला फौजेच्या न्यायालयानं जन्मठेप दिली, त्याच्या पुतळ्यासमोर देशाचा संरक्षणमंत्री उभा राहिला. सत्ता गोऱ्यांची होती आणि आता आपली आहे, हा फरक आहेच. तरी या गोष्टीला मी लहान मानत नाही.

दाजींनी टोपी नीट केली, पाय जुळवले आणि कडक सॅल्यूट ठोकला. मग पायरीवर बसून बूट झटकता झटकता बोलू लागले. “गावाकडं पोरांना हे सांगणार. पण नुसतं हुकूम मोडला, एवढंच नाही सांगायचं. तसं सांगितलं की पोरं टाळ्या वाजवतात. तीन राउंडचा हुकूम संपायला किती वेळ लागतो? दहा-पंधरा सेकंद. त्याच्यासाठी अकरा वर्षं आत. घरी बायको, जमीन जप्त. सुटल्यावर घरी जायला बंदी. हे सगळं सांगायचं, मग विचारायचं, आता बोला.”

चंद्रसिंहांच्या पत्नी भागीरथीदेवी. त्यांच्या वाट्याला काय आलं, याची एकही पाटी आम्हाला रस्त्यात दिसली नव्हती.

शनिवार, गैरसैंण

डोंगराला लांबचा वळसा घालून दुपारी गैरसैंणला पोचलो. गढवाल आणि कुमाऊंच्या मधोमध असलेलं हे गाव. डोंगराची राजधानी डोंगरातच, याच भागात हवी, असं चंद्रसिंह म्हणत. वेगळ्या राज्याच्या आंदोलनात 1992 मध्ये उत्तराखंड क्रांती दलानं गैरसैंणला राजधानी जाहीर करून त्याला ‘चंद्रनगर’ नाव दिलं, ते त्यांच्याच नावावरून. राज्य 2000 मध्ये झालं, राजधानी डेहराडूनलाच राहिली. 2020 मध्ये गैरसैंणला उन्हाळी राजधानीचा दर्जा मिळाला.

भराडीसैंणला विधानभवन पाहिलं. भव्य इमारत, आम्ही गेलो तेव्हा अधिवेशन नव्हतं, त्यामुळं फाटकावरचे पहारेकरी सोडले तर माणूस नव्हता. चालक चिडून बोलत होता. डॉक्टर हवा तर खाली जा, कॉलेज हवं तर खाली जा, तहसिलीतल्या कागदासाठी दिवस मोडा. मंत्री इथं बसले तर रस्त्यावरचा खड्डा त्यांनाही लागेल, असं त्याचं साधं म्हणणं. रिकामी गावं पाहत आल्यानंतर मला त्यात काहीच जास्तीचं वाटलं नाही.

चंद्रसिंहांची समाधी दूधातोलीच्या जंगलात कोदियाबगडला आहे. तिथं चालत जावं लागतं आणि दाजींचे गुडघे त्या चढाला तयार नव्हते. ते मला एकट्याला जा म्हणत होते, मी नको म्हटलं. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात यायचं, त्या नातवाची भरती झाली असेल तर त्यालाच वाटाड्या म्हणून घ्यायचं, असं दाजींनी परस्पर फोनवर ठरवूनही टाकलं. पोरगं फोनवर विचारत होतं की सोळाशे मीटरमध्ये अजून बारा सेकंद कमी करायचे आहेत, काय करू. कर्णप्रयाग येईपर्यंत दाजी त्याला तेच समजावत होते.